भिंतीचे इरले

मंडळी, आषाढाचे दिवस आठवा. भाताची लावणी चालू आहे. ताम्हिणीकडून पावसाची झड येत आहे. अशा वेळी इरले घेतल्याशिवाय कोणी खाचरात उतरेल का? पूर्वी इरले पानांचे आणि कामट्यांचे असे. आता पुष्कळ जण प्लास्टिकचा कागद पांघरतात. पण काहीतरी पांघरल्याशिवाय भागत नाही.

माणसाला इरले लागते, तसे भिंतीलाही लागते. कुडाच्या भिंतीला आपण पावसाळ्याआधी पेंढ्याचे नाहीतर कारवीचे ताटवे बांधत आलो. वाड्यांच्या भिंतींना चुन्याचा गिलावा करीत. गिलावा म्हणजे भिंतीचे इरलेच म्हणा ना!

आज आपण एका मोठ्या इमारतीची हकिगत वाचू. तिचे हे इरले एका जाणकार माणसाने काढून घेतले. त्याने ते वाईट हेतूने काढले नाही. जुन्या इमारतींवर त्याचे प्रेम होते, म्हणून काढले. त्यातून काय झाले ते नीट समजून घेऊ.

जुन्या गोव्यातले चर्च

गोव्यात पणजीपासून थोड्या अंतरावर जुने गोवे नावाचे गाव आहे. एके काळी ही पोर्तुगीज लोकांची राजधानी होती. तिथे मोठमोठी चर्चे आहेत. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनामंदिर. त्यांतले एक फार प्रसिद्ध आहे. त्याचे नाव बॉम जेझू.

ह्या चर्चचे बांधकाम 1594 साली सुरू झाले. 1605 साली ते पूजेसाठी खुले झाले. फ्रान्सिस झेवियर नावाचे एक ख्रिस्ती साधू 1542 साली गोव्यात आले होते. 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर ते वारले. त्यांचा देह पुढे गोव्यात आणला गेला. तो ह्या चर्चमध्ये चांदीच्या पेटीत ठेवलेला आहे. साधारण दर दहा वर्षांनी तो लोकांच्या दर्शनासाठी खाली आणतात. असे दर्शन 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत झाले. लाखो माणसे आली. त्यांत हिंदू माणसेही होती.

आता ह्या चर्चच्या भिंती कशाच्या आहेत ते पाहू. त्या आहेत जांभ्या दगडाच्या. हा दगड आपल्याला नवा नाही. कोकणात घरे ह्याच दगडाच्या चिऱ्यांची असतात. महाबळेश्वरच्या पठारावरही तो आहे. जांभ्यात लोखंडाचा अंश असतो, म्हणून तो तांबडा दिसतो. खाणीतून काढताना तो मऊ असतो. वारा लागला की कठीण होतो. पण त्याच्या अंगावर बारीक बारीक भोके असतात. त्या भोकांत माती असते. पावसाचे पाणी भोकांत शिरते. माती धुऊन जाते. भोके मोठी होतात. मग दगड झिजू लागतो.

जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. म्हणून जिथे नक्षी कोरायची तिथे त्यांनी कठीण काळा दगड वापरला. तो वसईकडून आणला असे सांगतात. आणि जांभ्याच्या भिंतींना त्यांनी बाहेरून चुन्याचा गिलावा केला. गोव्यातला पाऊस काही थोडाथोडका नव्हे. वर्षाला 100 इंचांच्या वर पडतो. अशा पावसात ह्या भिंती साडेतीनशे वर्षे उभ्या राहिल्या. गिलावा झिजला की नवा करायचा, अशी रीत होती. झिजायचे ते गिलाव्याने, दगडाने नव्हे. इरले फाटले तर नवे घेता येते. पाठ नवी घेता येत नाही.

कास्त्रो यांचा निर्णय

इमारतीचा आराखडा काढणाऱ्या जाणकाराला वास्तुशिल्पी म्हणतात. काही वास्तुशिल्पी नव्या इमारती बांधतात. काही जण जुन्या इमारती सांभाळण्यात आयुष्य घालवतात. बाल्ताझार कास्त्रो हे दुसऱ्या प्रकारचे वास्तुशिल्पी होते. ते पोर्तुगाल देशाचे. जुन्या इमारतींची देखभाल करणाऱ्या तिथल्या सरकारी खात्यात ते काम करीत. पडायला आलेली जुनी चर्चे सावरण्यात त्यांची कितीतरी वर्षे गेली.

त्या काळी त्या खात्याची एक समजूत होती. इमारत पहिल्या दिवशी जशी होती तशी ती पुन्हा दिसली पाहिजे. मधल्या काळात जे जे चढवले ते काढून टाकावे. आतला दगड उघडा करावा. उघडा दगड दिसला म्हणजे इमारत भारदस्त दिसते, पुरातन दिसते. पोर्तुगालमध्ये पुष्कळ जुन्या चर्चांचे गिलावे अशा रीतीने उतरवले गेले. तिथल्या उत्तर भागातला दगड कठीण होता. त्याने ते सोसले.

1952 साली झेवियर यांच्या मृत्यूला 400 वर्षे पूर्ण व्हायची होती. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. कास्त्रो गोव्यात आले. 1950 नंतरच्या त्या काही वर्षांत त्यांनी बॉम जेझूच्या बाहेरच्या भिंतींचा गिलावा काढवला. पांढरे चर्च तांबडे झाले. लोकांना ते रूप आवडले. चित्रांत, तिकिटांवर, पुस्तकांत हेच तांबडे चर्च दिसू लागले.

पण कास्त्रो यांनी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी होती. आपल्या देशातला दगड वेगळा आणि हा दगड वेगळा. आपला पाऊस वेगळा आणि इथला पाऊस वेगळा. गिलावा मागाहून चढवलेली शोभा नव्हती. ती दगडाची गरज होती.

पुढे काय झाले?

1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पुढे हे चर्च भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आले. 1986 साली जुन्या गोव्यातल्या चर्चांना जागतिक वारशाचा मान मिळाला. म्हणजे ही ठेव साऱ्या जगाची आहे, असे ठरले.

मान मिळाला, पण पाऊस काही थांबला नाही. गिलावा गेल्यापासून सत्तरच्या वर पावसाळे त्या उघड्या जांभ्यावर कोसळले. दगड झिजू लागले. भोके मोठी झाली. शेवाळ धरू लागले. 2020 साली छपराचाही प्रश्न निघाला. चर्चच्या प्रमुखांनी गळतीबद्दल जाहीर तक्रार केली. त्यानंतर छपराच्या दुरुस्तीचे काम झाले.

आता जाणकारांत वाद आहे. काही जण म्हणतात, "भिंतींना पुन्हा चुन्याचा गिलावा करा. नाहीतर दगड राहणार नाही." दुसरे म्हणतात, "लोकांनी हे चर्च तांबडेच पाहिले आहे. जगाने मान दिला तोही ह्याच रूपाला. आता पांढरे कसे करायचे?" दोन्ही बाजूंना अर्थ आहे. पण आमचे मत विचाराल तर आम्ही दगडाच्या बाजूचे. रूप डोळ्यांना सवयीचे होते. दगड गेला तर पाहायला रूपही उरणार नाही. जवळचेच से कॅथेड्रल हे मोठे चर्च पाहा. ते अजून चुन्याने पांढरे आहे. त्याचे दोन मनोरे होते. त्यांतला एक 1776 साली पडला. तो पुन्हा बांधला नाही. एकाच मनोऱ्याचे ते चर्च आजही उभे आहे, आणि कोणी त्याला कमी मानत नाही.

जगानेही ह्या बाबतीत धडा घेतला. 1964 साली इटलीतल्या व्हेनिस शहरात देशोदेशींचे वास्तुशिल्पी जमले. जुन्या इमारती कशा सांभाळाव्यात ह्याचे नियम त्यांनी केले. त्यांतले दोन नियम आपण लक्षात ठेवू. एक, नुसत्या अंदाजाने काही करू नये. दोन, इमारतीवर प्रत्येक काळाने जी भर घातली तिचाही मान राखावा.

जर्मनीत कोलोन शहरात एक प्रचंड चर्च आहे. ते 1248 साली सुरू झाले आणि मध्ये खंड पडत पडत 1880 साली पुरे झाले. त्याच्यासाठी दगडकाम करणारे, सुतार, लोहार आणि काचेचे कारागीर कायम नेमलेले आहेत. त्यांचा मुख्य वास्तुशिल्पी एक असतो. 1999 ते 2012 पर्यंत हे काम बार्बारा शॉक-वेर्नर ह्या बाईंनी केले. त्या जागेवर आलेल्या त्या पहिल्याच बाई. तिथे एकदाच मोठी दुरुस्ती करून सारे जण घरी जात नाहीत. रोज थोडे थोडे काम चालते. शेतकरी बांध जसा दरवर्षी पाहतो, तशी ही रीत आहे.

आमची चूक

दुसऱ्याची चूक सांगितली, आता आमचीही सांगतो. आम्ही शाळेवर होतो तेव्हाची गोष्ट. गावातल्या देवळाची भिंत दगड-चुन्याची होती. गिलाव्याचे पोपडे निघाले होते. आम्ही पुढाकार घेतला. वर्गणी जमवली. चुना कोण मळत बसणार, म्हणून सिमेंटचा गिलावा केला. वर चकचकीत तैलरंग दिला. गावाने वाहवा केली. आम्हीही छाती फुगवून घेतली.

दोन पावसाळे गेले. भिंतीला आतून ओल आली. तुळईचे टोक कुजले. तेव्हा एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावले. त्याने भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, भिंतीला घाम येतो. तो जायला वाट ठेवली नाही तुम्ही."

त्याचे बोलणे खरे होते. जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते. चुना ती ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट आणि तैलरंग ती आत कोंडतात. मग ती लाकडात शिरते. त्या गवंड्याला लिहिता येत नव्हते. पण हा धडा त्यानेच आम्हांला दिला. सिमेंट खरवडून काढले. चुना, वाळू मळून घेतली. त्यात हिरड्याचे आणि गुळाचे पाणी घातले. नवा गिलावा केला. खर्च दुप्पट झाला. पहिल्यांदाच त्याला विचारले असते, तर एकदाच झाला असता.

आपण काय करावे?

आपल्या मुळशीत गावोगाव जुनी देवळे आहेत, वाडे आहेत, बारवा आहेत, समाध्या आहेत. हाताशी पैसा आला की, "पाडा आणि नवे बांधा," असे आपण पटकन म्हणतो. नाहीतर दगडावर रंग फासतो. तसे करण्याआधी चार गोष्टी करा.

1. ही वस्तू पूर्वजांनी अशी का केली, ते आधी शोधा. म्हाताऱ्या गवंड्याला, सुताराला विचारा.
2. काम सुरू करण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. काय काढले, काय घातले ते वहीत लिहा. आता आपल्याला लिहिता येते!
3. आधी हातभर जागेवर करून पाहा. एक पावसाळा जाऊ द्या. मग पुढे जा.
4. पुरातत्त्व खात्याचा फलक असलेल्या जागी परवानगीशिवाय हात लावू नका. केंद्र सरकारच्या संरक्षित इमारतीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे.

कास्त्रो आडाणी नव्हते. आळशी नव्हते. आयुष्यभर त्यांनी जुन्या इमारतींची सेवा केली. तरी एका निर्णयाचे ओझे ते चर्च आजही वाहत आहे. प्रेम हवेच. पण ज्यावर प्रेम करायचे त्याचा स्वभाव ओळखायला हवा. गाईवर माया आहे म्हणून तिला कोणी पुरणपोळीवर ठेवत नाही. तिला वैरणच घालावी लागते.

विचार करा आणि उत्तरे लिहा

1. जांभ्या दगडाला गिलावा का लागतो?
2. बॉम जेझूचा गिलावा कोणी काढवला? त्यांना काय वाटत होते?
3. म्हाताऱ्या गवंड्याने भिंतीबद्दल काय सांगितले?
4. तुमच्या गावातली सर्वांत जुनी इमारत कोणती? तिचे इरले शाबूत आहे का? ह्या रविवारी जाऊन पाहा आणि पाच ओळी लिहा.