‘क्लास’ या शब्दाचे अर्थ

इंग्रजीच्या तासाला अवघड शब्दांपेक्षा सोपे शब्दच पुष्कळदा फसवतात. ‘क्लास’ हा त्यांपैकी एक. माण-खटावचे किंवा जत-आटपाडीचे मूल आमच्याकडे येते तेव्हा हा शब्द त्याच्या बोलण्यात रुळलेलाच असतो. शिकवणीला जाणे म्हणजे ‘क्लासला जाणे’, चांगले झालेले कालवण ‘फर्स्ट क्लास’. पाठ्यपुस्तकात मात्र तोच शब्द कधी इयत्ता, कधी खोलीत बसलेली मुले, कधी आगगाडीच्या डब्याची श्रेणी, तर कधी समाजातील वर्ग होऊन येतो. या सर्वांचे मूळ लॅटिन ‘क्लासिस’ या शब्दात आहे. प्राचीन रोममध्ये मालमत्तेवरून नागरिकांचे जे गट पाडले जात, त्यांना ते नाव होते. गट पाडावयाचे आणि ते वर-खाली लावावयाचे, हा भाव या शब्दाला तेव्हापासून चिकटलेला आहे.

आपला ‘वर्ग’ हा शब्दही सरळ नाही. पाचाचा वर्ग पंचवीस, व्याकरणातील क-वर्ग, धम्मपदाचे 26 ‘वग्ग’, आणि शिष्यवृत्तीची रक्कमही खात्यात ‘वर्ग’ होते! त्यामुळे एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवून मोकळे होता येत नाही.

या शब्दाचे सर्वांत गंभीर अर्थ आपल्याच भागात एका खोलीत समोरासमोर आले होते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. हजेरीपटावर ते इतरांच्याच ‘क्लास’मध्ये होते, बसावयास मात्र वेगळे गोणपाट आणि कोपरा. पुढे 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात त्यांनी या दोन संकल्पनांचा संबंध उलगडला. एखाद्या वर्गाने बाहेरचा बेटीव्यवहार थांबवून आपली दारे लावून घेतली की त्याची जात बनते, हा त्या मांडणीचा गाभा होय. वर्गातून माणूस बाहेर पडू शकतो, जातीतून त्याला पडू दिले जात नाही.

कायद्याच्या भाषेतही हे दोन शब्द शेजारी नांदतात. ब्रिटिश अमदानीत अस्पृश्यांना ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणत. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 साली स्थापिलेल्या मिशनच्या नावात तोच शब्द होता. 1935 च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ ही संज्ञा आणली. म्हणून ‘एससी’मधील ‘सी’ कास्टचा, तर ‘ओबीसी’मधील ‘सी’ क्लासेसचा. प्रवेशाचे अर्ज भरताना आमची मुले दोन्ही ठिकाणी एकच शब्द लिहितात. ही चूक निव्वळ स्पेलिंगची समजू नये. पहिल्या ‘सी’मागे अस्पृश्यतेचा इतिहास आहे, दुसऱ्यामागे सामाजिक व शैक्षणिक मागासलेपणाची कसोटी.

दहावीच्या विद्यार्थ्यांनी राज्यघटनेतील कलम 15(4) आणि 16(4) इंग्रजीतून वहीत उतरवून घ्यावीत. ‘क्लास’ हा शब्द कोठे एकवचनी आहे, कोठे अनेकवचनी आहे आणि ‘कास्ट’ कोणत्या कलमात आला आहे, हे अधोरेखित करून पुढील तासाला दाखवावे.