पाकिटावर नाव कोणते घालावे?



बुलडाणा जिल्ह्यातील तूर, हरभरा आणि सोयाबीनचा बहुतेक माल पोत्यात भरून खामगाव, मलकापूर, चिखली किंवा मेहकरच्या बाजार समितीत जातो. पोत्यातल्या तुरीला नाव नसते, तिला फक्त त्या दिवसाचा भाव असतो. परंतु आता अनेक शेतकरी गट व महिला बचत गट डाळ, बेसन, हळद-मिरची पूड, पापड, मध असे पदार्थ पाकिटबंद करून विकू लागले आहेत. आपल्या विद्यापीठाने विकसित केलेल्या पीकेव्ही मिनी डाळ मिलमुळे गावातच डाळ करणे सोपे झाले. अशा उद्योगात यंत्र, कर्ज, परवाना, कच्चा माल यांचा विचार महिनोन्महिने होतो. पाकिटावरचे नाव मात्र छपाईवाल्याच्या दुकानात बसून पाच मिनिटांत ठरते.

हे पाच मिनिटांचे काम पुढे महागात पडू शकते. रंगीत छापील पाकिटासाठी प्रत्येक रंगाचे वेगळे सिलिंडर करावे लागते आणि छपाईही मोठ्या संख्येने घ्यावी लागते. माल दोन हंगाम खपला, गिऱ्हाईक नाव घेऊन मागू लागले आणि त्याच वेळी ‘हे नाव आमचे आहे’ अशी दुसऱ्याची नोटीस आली, तर सिलिंडर व उरलेली पाकिटे वाया जातात. त्याहून मोठे नुकसान म्हणजे कमावलेली ओळख जाते. म्हणून नाव ठरविताना एकच गोष्ट पाहावी: हे नाव आपला माल शेजारच्या मालापासून वेगळा काढते का? सुंदर, शुभ, अभिमानाचे हे सगळे त्यानंतर.

शेगावच्या कचोरीचे उदाहरण

आपल्याच जिल्ह्यातील सर्वांत गाजलेला खाद्यपदार्थ म्हणजे शेगावची कचोरी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने १९५० च्या सुमारास शेगाव रेल्वे स्थानकावर ती विकण्यास सुरुवात केली. मुंबई-नागपूर मार्गावरचे प्रवासी आणि श्री गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारे भाविक यांच्या तोंडून तिची कीर्ती पसरली. जाहिरात अशी फारशी लागलीच नाही. आज पुणे, मुंबई, नागपूर कोठेही जा, ‘शेगाव कचोरी’ अशी पाटी दिसते. पण पाटी लावणाऱ्या प्रत्येकाचा त्या मूळ दुकानाशी संबंध असतोच असे नाही. गिऱ्हाइकाला एवढेच समजते की पदार्थ शेगावच्या पद्धतीचा आहे.

गावाचे नाव अधिक पदार्थाचे नाव, अशी ही जोडणी आहे. ती तोंडात पटकन बसते, पण राहते सगळ्यांची. गावाची कीर्ती वाढते ही आनंदाचीच गोष्ट. मात्र ‘बुलडाणा तूरडाळ’ असे नाव घेऊन जो गट बाजारात उतरेल त्याने हे ध्यानात ठेवावे, की उद्या पलीकडच्या गावचा गटही तेच लिहील आणि त्याला अडविणे अवघड जाईल. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ (हा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे) मालाचा प्रकार, गुण, प्रमाण किंवा ठिकाण एवढेच सांगणाऱ्या नावाची नोंदणी सहसा देत नाही. दीर्घ वापराने असे नाव एकाच विक्रेत्याची ओळख बनले असेल तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करावे लागते. ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘ताजी’, ‘गावरान’ हे शब्दही याच पंक्तीतले.

ठिकाणामुळे मालाला खरोखर वेगळा गुण येत असेल तर त्यासाठी वेगळी वाट आहे, ती म्हणजे भौगोलिक मानांकन. नागपूर संत्रा, भिवापूर मिरची, वायगाव हळद, जळगावची केळी यांना ते मिळाले आहे. पण मानांकन एका गटाचे नसते. त्या भागातील सर्व उत्पादकांसाठी ते असते व वापरणाऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. मानांकन असले तरी पाकिटावर आपले स्वतःचे नाव लागतेच.

पाच रुपयांचे बक्षीस

नाव काळजीपूर्वक ठरविण्याला फार पैसा लागतो असे नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. सुरुवातीस मालाला खास नाव नव्हते. १९६२ मध्ये संस्थेने नावासाठी आपल्यातच स्पर्धा ठेवली. बक्षीस होते पाच रुपये. धीरजबेन रूपारेल यांनी सुचविलेले नाव निवडले गेले: ‘लिज्जत’.

या नावाकडे जरा बारकाईने पाहावे. त्यात ‘पापड’ नाही, ‘गिरगाव’ नाही, ‘महिला’ नाही आणि ‘शुद्ध’ही नाही. गुजरातीत लिज्जत म्हणजे चव. मराठीतल्या ‘लज्जत’चेच ते भावंड, आणि हिंदी बोलणाऱ्यालाही ते परके वाटत नाही. म्हणजे अर्थाचा वास आहे, पण मालाचे वर्णन नाही. पुढे संस्थेने पापडाशिवाय इतर वस्तू काढल्या तेव्हाही नाव आड आले नाही. ‘अमुक तूरडाळ’ असे नाव घेतलेल्या गटाला पुढे बेसन आणि हळद विकताना मात्र नाव पुरत नाही.

१९४६ साली स्थापन झालेल्या खेडा जिल्हा दूध संघाचे ‘अमूल’ हे नावही असेच. ‘अमूल्य’ची आठवण करून देणारे, आणि आणंद मिल्क युनियन लिमिटेड या इंग्रजी नावाची आद्याक्षरेही त्यात बसतात. कोल्हापूर जिल्हा दूध संघाने ‘गोकुळ’ घेतले. संघाचे पूर्ण नाव गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, गोकुळ मात्र घरातले लहान मूलही सांगते.

आपल्या शेतातही हे दिसते. कृषी सेवा केंद्रावर तुरीचे ‘आयसीपीएल ८७११९’ मागणारा विरळा, ‘आशा’ मागणारे पुष्कळ. ‘आयसीपी ८८६३’ पेक्षा ‘मारुती’ लक्षात राहते. सोयाबीनच्या ‘जेएस ३३५’ चा आकडा मात्र सर्वांच्या तोंडी बसला. वाण वर्षानुवर्षे शेतात टिकला म्हणून आकड्याचेच नाव झाले. तेव्हा नावाने माल चांगला होत नाही, हेही खरे.

देव, संत आणि थोर पुरुषांची नावे

आपल्याकडे नाव सुचवा म्हटले की पहिली यादी ठरलेली: गजानन, माउली, जिजाऊ, बालाजी, शिवराय. श्रद्धा व अभिमान समजण्यासारखा आहे. शेगाव आणि सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहेत तेथे दुसरे काय सुचणार! परंतु चिखली ते मेहकर रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचाव्यात. तीच नावे हॉटेलला, पतसंस्थेला, मोबाईलच्या दुकानाला आणि रसवंतीला आहेत. त्या गर्दीत आपली डाळ वेगळी कशी दिसणार?

कायद्याचीही अडचण आहे. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावाची मक्तेदारी मागणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले, की धर्मग्रंथाच्या नावावर एकट्याचा हक्क सांगता येणार नाही. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांचे नाव वा चित्र व्यापारासाठी वापरण्यास १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने सरकारच्या परवानगीशिवाय मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी रिकामे पाकीट शेवटी उकिरड्यावर जाते, याचा विचार संतांचे चित्र छापण्यापूर्वी करावा.

‘किसान’ हे नावही आपल्याला आपलेच वाटते. पण जॅम व सॉसच्या बाटल्यांवर ते फार पूर्वीपासून एका मोठ्या कंपनीचे आहे. लोणचे किंवा सॉस करणाऱ्या गटाने तिकडे न गेलेले बरे. ‘सेंद्रिय’ हा शब्द नावात घालायचा असेल तर आधी प्रमाणपत्र हवे. प्रमाणीकरणाशिवाय माल सेंद्रिय म्हणून सहसा विकता येत नाही.

नाव शोधण्याची रीत

गटाच्या बैठकीत प्रत्येकाकडून चार-पाच नावे लिहून घ्यावीत. चाळीसेक नावे जमल्याशिवाय निवड करू नये, कारण पहिली दहा सर्वांना सुचणारीच असतात. शेतातले, घरातले, विस्मरणात चाललेले शब्द आठवावेत: तिफण, कणगी, पायली, सुगी, शिदोरी, वाफसा. यांतले काही शब्द आधीच कोणी घेतलेले असतील, हे गृहीत धरून शोध घ्यावाच. दोन छोटे शब्द जोडून नवा शब्द करता येतो. अर्थ नसलेला पण कानाला गोड शब्दही चालतो.

मग उच्चाराची परीक्षा घ्यावी. वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो, केळीची ‘केयी’ होते. ‘ण’चा ‘न’ होतो. आपला माल बऱ्हाणपूर-इंदूरकडे गेला तर तेथे ‘ळ’चा ‘ल’ होणार. म्हणून ‘ळ’, ‘ण’ व जोडाक्षरे शक्यतो टाळावीत. अकोल्याच्या दुकानदाराला फोनवर नाव एकदाच सांगावे व त्याला ते लिहायला सांगावे. चुकीचे लिहिले तर नाव बाद. आठ दिवसांनी त्यालाच विचारावे की काय नाव होते. शाळकरी मुलाकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे. हिंदीत त्या शब्दाचा वेडावाकडा अर्थ तर होत नाही ना, हेही कोणाला तरी विचारावे. या साध्या चाचण्यांत चाळीसपैकी पाच-सहाच नावे उरतात.

शोध आणि नोंदणी

उरलेली नावे व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरील सार्वजनिक शोधात तपासावीत. केवळ तेच स्पेलिंग नव्हे, सारख्या उच्चाराची नावेही पाहावीत. कान फसतो ते नावही अडचणीचे. नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते. खाद्यतेल, दूध व लोणची वर्ग २९ मध्ये. पीठ, मसाले, मध, गूळ वर्ग ३० मध्ये. ताजी फळे-भाजीपाला, बियाणे वर्ग ३१ मध्ये येतात. आपला माल कोणत्या वर्गात बसतो याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. प्रत्येक वर्गाचे शुल्क वेगळे आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन अर्जासाठी व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योग यांना प्रतिवर्ग ४,५०० रुपये आणि इतरांना ९,००० रुपये. सवलतीसाठी उद्यम नोंदणी उपयोगी पडते.

अर्ज मान्य झाला की नाव व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध होते व चार महिने हरकतीसाठी असतात. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण करता येते. अर्ज केल्यापासून ‘टीएम’ लिहावे. वर्तुळातील ‘आर’ हे चिन्ह नोंदणी मिळाल्यावरच. आधी छापणे गुन्हा आहे.

‘आमची प्रोड्युसर कंपनी त्याच नावाने नोंदलेली आहे, मग वेगळा अर्ज कशाला?’ असा प्रश्न नेहमी येतो. कंपनीचे नाव आणि मालाचे व्यापारचिन्ह या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिलीने दुसरी मिळत नाही. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांकही नावाचे रक्षण करीत नाही.

अर्ज कोणाच्या नावाने करावा, हा सर्वांत नाजूक भाग आहे. घाईत तो अध्यक्षाच्या किंवा धावपळ करणाऱ्या एखाद्या सदस्याच्या नावाने केला जातो. पुढे मतभेद झाले की कष्ट सर्वांचे आणि नाव एकाचे, अशी स्थिती होते. कंपनी किंवा सहकारी संस्था असेल तर अर्ज तिच्याच नावाने करावा व तसा ठराव कार्यवृत्त पुस्तकात लिहावा. नोंदणी नसलेल्या गटाने अर्ज कसा करावा हे वकिलाकडून आधी समजून घ्यावे.

पहिल्या हंगामात छापील पाकिटाचा खर्च करू नये. साध्या पारदर्शक पिशवीवर चिकटपट्टी लावून माल विकावा. पत्ता, वजन, तारीख, परवाना क्रमांक हा कायद्याने लागणारा मजकूर तिच्यावर येतो. प्रत्येक बिलावर मात्र मालाचे नाव छापलेले असावे आणि पहिल्या दिवसापासूनची बिले तारीखवार फाईलला लावावीत. नाव आधी कोणी वापरले असा वाद निघाला, तर हीच बिले पुरावा म्हणून कामी येतात.