कुरव ओळखा पंखाच्या टोकावरून

हिवाळ्यात मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने घारापुरीला गेलात, तर काही पांढरे-राखी पक्षी लाँचच्या मागे मागे येताना दिसतील. हे कुरव. त्यांत लहान कुरवांच्या दोन जाती आपल्याला भेटतात : काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा. नावे ऐकून वाटते, ओळखणे किती सोपे! पण हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी होतात. डोळ्यामागे एक काळपट ठिपका तेवढा उरतो. शिवाय, विणीच्या हंगामातही काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके गर्द तपकिरीच असते. नाव ठेवणाऱ्यालाच नावे ठेवावीत, अशी ही गोष्ट!

मी एकदा त्या ठिपक्यावर विसंबून दिवसभर मोजणी केली. तो ठिपका दोन्ही जातींना असतो हे घरी आल्यावर कळले, आणि वहीतले सारे आकडे खोडावे लागले.

म्हणून डोके सोडा, पसरलेला पंख पाहा. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड बाहेरच्या भागात पांढरी असते, जणू लांबट पाचरच बसवली आहे. काळा रंग फक्त पिसांच्या टोकांना, बारीक किनारीसारखा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक मात्र चांगले रुंद काळे असते आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके चमकतात. पक्षिनिरीक्षक त्यांना 'आरसे' म्हणतात.

आरसे किती अंतरावरून दिसतील? आपल्या डोळ्याला सुमारे १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन जेमतेम ओळखता येतो. रेडियनमध्ये तो सुमारे ०.०००३. आरसा ३ सेंमी. लांब धरला, तर अंतर येते ०.०३ ÷ ०.०००३ = १०० मीटर. आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण घेतली, तर कागदावर ८०० मीटर! पण पंख हलतो, लाँच डुलते, पाण्यावरची हवाही थरथरते. तेव्हा दूरच्या पक्ष्यापुढे खुशाल 'जात नक्की नाही' असे लिहा. अंदाजाने भरलेल्या आकड्यापेक्षा ते बरे.

टोके काळी का, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. काळा रंग देणाऱ्या मेलॅनिनमुळे पिसे कणखर होतात व कमी झिजतात. टोकांनाच झीज अधिक सोसावी लागते.

एक फसगत मात्र राहते. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पहिल्या वर्षाच्या पिलाला आरसे नसतात; टोक सबंध काळे आणि शेपटीच्या शेवटी काळा पट्टा. अशा वेळी आरसे शोधत बसू नका, पुढच्या कडेची पांढरी पाचर आहे की नाही तेवढे पाहा.