शेतावरील डिझेलची राखण

इंधन महागले की त्याची चोरी वाढते, हा अनुभव नवा नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि थोड्याच महिन्यांत खनिज तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. त्या वेळी अमेरिकेत उभ्या मोटारींतून नळीने पेट्रोल काढून नेण्याचे प्रकार वाढले व लोक टाक्यांना कुलुपाची झाकणे बसवू लागले. आपल्याकडे डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत हा दर लिटरला १०० रुपयांवर गेला. पूर्वी अंदाजाने ओतले जाणारे डिझेल आता मोजून वापरणे शेतकऱ्यास प्राप्त झाले आहे.

चोरीच्या जागा

रात्री शेतात उभा ठेवलेला ट्रॅक्टर, विहिरीवरील किंवा नदीकाठचे एंजिन आणि उघड्यावर ठेवलेले पिंप या तीन ठिकाणी डिझेल सहज हाती लागते. यास्तव टाकीस कुलुपाचे झाकण बसवावे आणि पिंप कुलूपबंद खोलीत, चूल व धान्य यांपासून दूर ठेवावे. टाकीत हवेतील दमट अंश जमून पाणी होऊ नये म्हणून ती सायंकाळी भरून ठेवावी, असे सांगितले जाते. हे योग्यच आहे. परंतु ट्रॅक्टर घराच्या आवारात आणल्यावरच टाकी भरावी. तो शेतात ठेवणे भाग असेल, तर टाकीत डिझेल कमीच असू द्यावे.

नोंद कशी ठेवावी

कुलूप बाहेरच्या चोरास अडविते. रोजची घट मात्र नोंदवहीवाचून कळत नाही. प्रथम आपल्या यंत्राचा नेमका खप काढावा. यंत्र सपाट जागी उभे करून टाकी ठरलेल्या खुणेपर्यंत भरावी. नेहमीचे काम १० तास करून टाकी पुन्हा त्याच खुणेपर्यंत मापाने भरावी. जितके लिटर लागले त्यास १० ने भागले असता तासाचा खप मिळतो. ५ अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण भाराने चालल्यास तासाला सुमारे १ लिटर डिझेल लागते. नांगरणी, वखरणी व वाहतूक यांचा खप निरनिराळा असल्याने ट्रॅक्टरसाठी प्रत्येक कामाचा हिशेब वेगळा करावा.

त्यानंतर वहीत तारीख, काम, तास व भरलेले डिझेल असे चार रकाने ठेवावेत. समजा, तासाला १ लिटर लागणारे एंजिन १२ तास चालले आणि टाकीत १६ लिटर भरावे लागले, तर ४ लिटरांचा खुलासा शोधला पाहिजे.

घट म्हणजे चोरीच नव्हे

येथे घाईने कोणावर आळ घेऊ नये. हवेची गाळणी धुळीने भरली असेल, इंजेक्टर बिघडला असेल, तरीही खप वाढतो. नळीच्या जोडातून सेकंदाला एक थेंब गळला, तरी दिवसभरात २ लिटरांहून अधिक डिझेल वाया जाते. म्हणून आधी यंत्र तपासावे, मगच माणसाकडे पाहावे. नोंद चालकाच्या समक्ष करावी व त्याची सही घ्यावी. वर्षानुवर्षे इमानाने राबणारा सालदार केवळ संशयापायी दुखावून निघून गेला, तर ती हानी चार लिटरांनी भरून येणारी नाही. खरी नोंद मालकाइतकीच त्याच्याही उपयोगाची असते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात

नळी तोंडाने ओढून डिझेल कधीही काढू नये, हातपंप वापरावा. डिझेल फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. कोणी ते गिळल्यास उलटी करवू नये. तत्काळ दवाखान्यात न्यावे.

दुसरे असे की, रात्री कोणी स्वस्त डिझेल विकावयास आणले, तर ते घेऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी हा कलम ३०३ खाली गुन्हा आहे, तसाच चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही कलम ३१७ खाली गुन्हा आहे. असे डिझेल बहुधा जवळपासच्याच एखाद्या शेतकऱ्याच्या टाकीतले असते. गावात गिऱ्हाईक मिळाले नाही, तर चोरास त्या वाटेने येण्याचे कारण उरणार नाही.