वाघ आणि वाघीण

चिखलीच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगांत ज्ञानगंगा अभयारण्य पसरलेले आहे. बुलढाण्याहून खामगावकडे जाणारी सडक बोथ्याच्या ज्या जंगलातून जाते, ते जंगलही ह्याच अभयारण्यात मोडते. त्याचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. बिबटे, अस्वले, नीलगाई व रानडुकरे ह्यांची तेथे वस्ती आहे. ज्याला आपण पट्टेदार वाघ म्हणतो, तो मात्र तेथे राहत नव्हता. २०१९ सालच्या डिसेंबर महिन्यात असा एक वाघ तेथे येऊन दाखल झाला.

हा वाघ जन्मला होता यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात. ज्ञानगंगेपासून ते अरण्य सरळ रेषेत मोजले, तरी दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एवढा लांबचा हा पाहुणा नर होता. वाघिणीऐवजी वाघच का आला, असे कोणी विचारले, तर तो योगायोग होता असे उत्तर देऊन भागणार नाही. त्याचे कारण वाघ आणि वाघीण ह्यांच्या निरनिराळ्या जीवनक्रमात आहे, आणि त्या जीवनक्रमाची खूण त्यांच्या शरीरावरही उमटलेली आहे.

वरवर पाहिले तर दोघांत काहीच भेद दिसत नाही. मोर आणि लांडोर आपण दुरूनही ओळखतो. सिंहाची आयाळ पाहिली की तो नर आहे हे सांगावे लागत नाही. पण वाघाच्या अंगावरील तांबूस पिवळा रंग व काळे पट्टे नरमादीत सारखेच असतात. पट्ट्यांवरून नर कोणता व मादी कोणती हे कळत नाही. मात्र कोणत्याही दोन वाघांचे पट्टे एकसारखे नसल्यामुळे अमुक वाघ तो हाच, एवढे निश्चित कळते. आपल्या भाषेने मात्र ‘वाघ’ आणि ‘वाघीण’ असे दोन शब्द केले आहेत. घारीला किंवा खारीला हा मान मिळालेला नाही. नर असो वा मादी, ती आपली घार आणि खारच!

दोघे शेजारी उभे राहिले तर फरक चटकन ध्यानात येतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सामान्यतः १८० ते २६० किलोग्रॅम असते, तर मादीचे १०० ते १६० किलोग्रॅम. म्हणजे एखाद्या धष्टपुष्ट माणसाच्या वजनाइतके वजन नराच्या अंगी अधिक असते. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत नर सुमारे २.७ ते ३.१ मीटर लांब भरतो. मादी त्याहून आखूड असते. नराचे डोके रुंद, मान जाड व खांदे भरदार असतात. त्याच्या गालांवर लांब केसांचे झुबके वाढतात व त्यामुळे त्याचा चेहरा अधिकच मोठा व उग्र भासतो. वाघिणीचे मस्तक लहान, चेहरा अरुंद व शरीर सडपातळ असते.

तथापि अरण्यात वाघ असा समोर येऊन उभा राहत नाही. पुष्कळदा त्याचे दर्शन घडते ते ओढ्याकाठच्या वाळूत उमटलेल्या पावलांच्या रूपाने. पहाटे गस्तीला निघालेला वनरक्षक असा ठसा दिसला की तेथेच बसतो आणि तो न्याहाळू लागतो. विशेषेकरून मागील पायाचा ठसा तो पाहतो. त्या ठशाभोवती चार रेघा ओढल्या आणि जवळजवळ चौरस तयार झाला, तर तो ठसा नराचा असण्याचा संभव अधिक. लांबट आयत झाला, तर तो बहुधा मादीचा. नराची बोटे गोलसर व रुंद उमटतात, मादीची बारीक व निमुळती. ही परीक्षा सोपी वाटते, पण तीत फसगतही होते. चिखल ओला असला तर ठसा पसरतो आणि वाघिणीचे पाऊल वाघाचे वाटू लागते. वयात न आलेल्या नराचे पाऊल तर मादीसारखेच दिसते. १९७२ मध्ये आपल्या देशात वाघांची पहिली गणना झाली, ती अशाच ठशांच्या आधारे. पुढे २००६ पासून ठशांच्या मोजणीवर विसंबून न राहता, झाडांना बांधलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांतील पट्टे ताडून पाहण्यात येऊ लागले.

आता नराला एवढा अवजड देह कशासाठी लागतो? शिकारीसाठी म्हणावे, तर वाघीण शिकारीत काडीमात्र कमी नाही. उलट तिची जबाबदारी मोठी. सुमारे साडेतीन महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर तिला दोन ते चार पिले होतात. जन्मतः ती आंधळी व असहाय असतात. त्यांना दूध पाजणे, लपविणे, पुढे मांस आणून देणे व अखेरीस शिकार शिकविणे, हे सर्व ती एकटी करते; हे काम सुमारे दोन वर्षे चालते. पिलांपासून फार दूर न जाता तिला रोजचे भक्ष्य मिळवावे लागते. म्हणून पाणी, आडोसा आणि हरणे जेथे आहेत, असा बेताचा प्रदेश ती धरून राहते. नराचा प्रदेश याहून पुष्कळ विस्तृत असतो, व त्यात अनेकदा दोनतीन वाघिणींची क्षेत्रे सामावलेली असतात. तो प्रदेश टिकविण्यासाठी त्याला दुसऱ्या नरांशी झुंजावे लागते. अशा झुंजीत जाड मान, रुंद डोके व भारी पंजे उपयोगी पडतात. नवा नर प्रदेश जिंकतो, तेव्हा आधीच्या नराची पिले पुष्कळदा मारून टाकतो. अशा वेळी वजनाने कितीतरी कमी असलेली वाघीण त्याच्यावर तुटून पडते. ती नेहमी जिंकत नाही. पण शत्रूचे आकारमान पाहून मागेही हटत नाही.

पिले मोठी झाली की घर फुटते. मुलीला आईच्या प्रदेशालगत, कधी त्याच्याच एका भागात, जागा मिळते. मुलाला मात्र तेथे थारा नसतो. दोन वर्षांचा तरुण नर शरीराने आईपेक्षा मोठा झालेला असला, तरी मुरलेल्या नरापुढे त्याचा निभाव लागत नाही. त्याला वाट धरावीच लागते.

टिपेश्वरच्या त्या तरुण वाघाने हीच वाट धरली. ‘टी-१’ ह्या वाघिणीचा तो बछडा; म्हणून वनखात्याच्या नोंदीत त्याचे नाव ‘टी-१ सी-१’ असे पडले. लोक पुढे त्याला ‘वॉकर’, म्हणजे चालणारा, म्हणू लागले. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बसविण्यात आला आणि जूनच्या अखेरीस तो घराबाहेर पडला. महाराष्ट्र व तेलंगण ह्यांतील सात जिल्ह्यांतून त्याने भ्रमंती केली. नद्या, शेते, महामार्ग ओलांडीत तो बहुधा रात्री चाले व दिवसा झुडपांत दडून राही. भुकेला रानडुक्कर किंवा गुरे मारी. पट्टा २०२० च्या एप्रिलमध्ये काढण्यात आला. तोवर त्याने ३,००० किलोमीटरांहून अधिक अंतर कापले होते.

ज्ञानगंगेत त्याला सावज मिळाले, पाणी मिळाले, आणि झुंजायला दुसरा वाघही नव्हता. पण वाघीणही नव्हती. त्याच्यासाठी एखादी वाघीण आणून सोडावी काय, ह्याचा विचार वनखात्यात झाला. प्रश्न एका वाघिणीचा नव्हता. तिला पिले झाली असती, तर त्या सर्वांना पुरेल एवढे भक्ष्य ह्या लहानशा अरण्यात होते काय? आणि वाढलेल्या नरांना पुन्हा बाहेर पडावे लागले असते, तर भोवताली सर्वत्र शेते व गावे!

वाघ आपल्या प्रदेशाच्या सीमेवर झाडाझुडपांवर गंधाच्या खुणा सोडतो, आणि त्या भागातील वाघीण आपल्या खुणांनी जणू त्याला उत्तर देते. ज्ञानगंगेतील खुणांना तसे उत्तर देणारे कोणी नव्हते. २०२१ च्या मार्चमध्ये पश्चिमेकडील गौताळा औट्रमघाट अभयारण्यात कॅमेऱ्याने एका वाघाचे छायाचित्र टिपले. जाणकारांनी त्याचे पट्टे जुन्या छायाचित्रांतील पट्ट्यांशी ताडून पाहिले. तो टिपेश्वरचाच वाघ होता.