लिनक्स संगणकावरील प्रवेशव्यवस्था : ओळख आणि मुभा

अनेकांनी वापरावयाच्या संगणकावर प्रत्येकाने आपापल्या नावाने प्रवेश करावा, असा दंडक असतो. नाव व पासवर्ड टंकित होताच यंत्र दोन स्वतंत्र प्रश्नांचा निर्णय करते : येणारी व्यक्ती खरोखर तीच आहे काय, आणि असल्यास तिला आज आत येण्याची मुभा आहे काय? कार्यालयीन व्यवहारात या दोहोंची गल्लत वारंवार होते.

लिनक्सने ही पद्धत युनिक्स प्रणालीपासून घेतली. पासवर्ड मूळ रूपात साठविला जात नाही. त्याचे 'हॅश' नावाचे एकेरी रूपांतर तेवढे जपले जाते. युनिक्सचे रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३,२८९ पासवर्डांची छाननी आढळते. त्यांपैकी २,८३१, म्हणजे शेकडा ८६, सहज हुडकता येण्याजोगे निघाले. म्हणूनच प्रत्येक पासवर्डात यंत्राने 'सॉल्ट' नामक यादृच्छिक भर घालण्याची योजना झाली. तिच्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश निराळे होतात. 'पासडब्ल्यूडी' ही खात्यांची फाईल सर्वांना वाचता येते. त्यामुळे पुढे हॅश 'शॅडो' या संरक्षित फाईलमध्ये हलविण्यात आले.

पूर्वी प्रत्येक प्रोग्राम आपली तपासणी आपणच करी. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या तंत्रज्ञांनी मांडलेल्या 'पॅम' योजनेने हे काम एका जागी आणले. तिचे चार विभाग आहेत. 'ऑथ' ओळख पटवितो, 'अकाउंट' मुभा तपासतो. पासवर्ड बदलणे व सत्राची मांडामांड ही उरलेल्या दोहोंची कामे. यातील 'रिक्वायर्ड' हा शेरा मोठा मार्मिक आहे. ती अट फसली तरी पुढील तपासणी चालूच राहते, आणि नकार शेवटी मिळतो. दार नेमके कोठे अडले, हे आगंतुकास उमगत नाही.

आता बदलीवर गेलेल्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घ्यावे. त्याचा पासवर्ड कुलूपबंद केला की हॅशपूर्वी उद्गारचिन्ह बसते व तो जुळेनासा होतो. परंतु त्याने दूरस्थ प्रवेशाच्या 'एसएसएच' सेवेसाठी स्वतःची किल्ली नोंदविली असेल, तर पॅम वापरणाऱ्या यंत्रावर तो तरीही आत येऊ शकतो, कारण किल्लीस पासवर्ड लागतच नाही. यास्तव खात्याची मुदतच संपवावी लागते. 'शॅडो'तील आठव्या रकान्यात ही मुदत १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत नोंदविलेली असते, आणि 'अकाउंट' विभाग ती पाहून किल्लीधारकासही परत पाठवितो.

पॅमच्या फायलींत एक ओळ चुकली तरी खुद्द व्यवस्थापकही बाहेर राहण्याचा संभव असतो. त्यामुळे बदल करताना प्रशासक खात्याचे दुसरे सत्र उघडे ठेवावे, आणि नव्या प्रवेशाची खात्री पटल्यावरच ते बंद करावे.