मूळ चित्रासमोर उभी राहा

धामापूर

चि. मुक्ता,


व्हर्मीरची ती मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी तैलरंगात उतरवायची म्हणतेस, वाचून आनंद झाला. जुन्या चित्रावरून हात बसवण्यात कमीपणा कसला? रुबेन्ससारखा चित्रकारही तिशियनची चित्रं उतरवत असे. पण मोबाइलवर पाहून करणार, हे मला पटत नाही. मूळ चित्र जेमतेम ४४.५ सें.मी. उंच आणि ३९ सें.मी. रुंद. त्यातल्या काळ्या पार्श्वभूमीच्या जागी मुळात हिरवा पडदा होता. त्याचा पारदर्शक थर काळाबरोबर विटला. तू तिथे सरळ काळा फासशील, आणि तैलरंगाची खरी विद्या त्या थरांतच आहे.

ते थर मूळ चित्रासमोर उभं राहूनच कळतात. म्हणून व्हर्मीर तूर्त बाजूला ठेव, चतुर्थीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढ आणि पणजीला जा. फोंतेन्हासमधल्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे ए. एक्स. त्रिंदाद (१८७०–१९३५) यांच्या चित्रांचा संग्रह आहे. सांग्याचा हा माणूस मुंबईत जे. जे.त शिकला, तिथेच शिकवू लागला. व्यक्तिचित्रात त्याच्या तोडीचे थोडेच. काय मांडलंय याची आधी चौकशी कर. एकच चेहरा निवड आणि वही घेऊन त्याच्यासमोर थांब. सावलीत गालाची कड कुठे विरते, उजेडात रंग कुठे जाड बसलाय, ते लिहून आण. बाजूने तिरकं पाहिलंस की फटकारे उठून दिसतात. (सावंतवाडीच्या हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री तेलात करायचा मोह मात्र नको, ते जलरंगातलं काम आहे.)

घरी आल्यावर घाई नको. अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी नुसता छायाप्रकाश मांड. तो पुरता वाळल्यावरच रंगाला हात घाल, आणि जवसाचं तेल वरच्या थरांत वाढवत ने. खाली तेलकट आणि वर कोरडं झालं तर पुढे तडे जातात. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो, त्यात भाद्रपदातली दमट हवा. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नकोस, बुरशी धरेल. नाक-डोळे सगळ्यात शेवटी.

मापही मूळ चित्राचं घेऊ नकोस, थोडं लहान-मोठं कर. पाठीमागे त्रिंदादांचं नाव, 'यावरून' हा शब्द आणि तुझं नाव स्पष्ट लिही. त्यांची सही मात्र कधीही उतरवू नकोस.

तुझा,
काका